दमा नव्हताच, गळ्यातली गाठ होती

आईच्या गळ्यावरची थायरॉइड ग्रंथीची गाठ मी लहानपणापासून बघतेय. दुखत नाही ना, मग राहू दे, असंच चाललेलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, दरवेळी नॉर्मल यायची, मग तर विषयच संपायचा. पण गेल्या दोन वर्षांत तिला आडवं झालं की गुदमरायला लागलं, आधी दोन उशा, मग तीन, शेवटी तर खुर्चीत बसूनच डुलक्या काढायची, आणि श्वास आत घेताना घशातून शिट्टीसारखा बारीक आवाज यायचा. दमा म्हणून इन्हेलर चालू झाला, काडीचा फरक पडला नाही.

मग एका सर्जननी तिला दोन्ही हात वर करून कानाला टेकवून बसायला सांगितलं. मिनिटभरात चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा टरारून फुगल्या. याला पेंबर्टन साइन म्हणतात, गाठ छातीच्या हाडामागे उतरून तिथल्या शिरा दाबतेय असा त्याचा अर्थ. सीटी स्कॅनमध्ये श्वासनलिका एका बाजूला सरकलेली आणि चपटी झालेली बघून माझ्या पोटात गोळाच आला. रक्ताच्या रिपोर्टवरून ग्रंथी हार्मोन नीट बनवतेय का ते कळतं, ती किती जागा अडवून बसलीय ते त्यात दिसतच नाही, आणि आम्ही इतकी वर्षं तेवढाच कागद बघत होतो!

ऑपरेशनसाठी भूल द्यायचीच जोखीम मोठी होती, म्हणून घसा बधीर करून, ती जागी असतानाच दुर्बिणीने श्वासाची नळी घातली. छाती उघडावी लागेल या भीतीने मी अर्धमेली झालेले, पण अशा बहुतेक गाठी मानेतूनच निघतात, आईचीही तशीच निघाली. आवाजाची नस ग्रंथीच्या अगदी मागून जाते, ती जपावी लागते. आवाज बसला होता थोडे दिवस, मग सुटला. मागे चिकटलेल्या छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथींना धक्का लागला की रक्तातलं कॅल्शियम उतरतं, दुसऱ्या दिवशी तिच्या ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या आल्या, कॅल्शियम दिल्यावर थांबल्या. पहिल्या रात्री तर नर्स सारखी येऊन मान सुजलीय का बघायची, कारण आत रक्त साठलं तर परत श्वास कोंडतो.

पूर्ण ग्रंथी काढल्यामुळे आता जन्मभर थायरॉक्सिनची, म्हणजे त्या ग्रंथीच्याच हार्मोनची गोळी, रोज सकाळी उपाशीपोटी. गोळीसाठी मलाच तिला उठवावं लागतं, एका उशीवर इतकी गाढ झोपलेली असते.