तेरा हजार किलोमीटरवरचं वावर

सप्टेंबरचा महिना, ई-पीक पाहणीची (वावरात उभं राहून पिकाचा फोटो मोबाईल ॲपवर टाकून पेऱ्याची नोंद करायची, तिची) मुदत संपायला एक दिवस बाकी आणि सकाळपासून झिमझिम. घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात माझं सेवा केंद्र म्हणजे शटरची एक खोली. दोन कम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, बाहेर बाकडं. बाकड्यावरच्या गर्दीतून वाट काढत एक काकाजी आत आले. डोक्यावर युरियाची रिकामी थैली आणि हातात कंबरेइतकं पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, झाड, बुडासकट उपटलेलं. मुळांची काळी माती दारापासून टेबलापर्यंत सांडत आली.

“मोबाईल पाटात पडला बावा. तांदयात ठेवला हाय, पन जित्ता होत नाही. पोट्टे म्हनते तुह्या कम्प्युटरात मोबाईल चालते. मंग माही पाहनी करून दे. फोटोसाठी झाडच आनलं ना!”

पोट्टे खरंच सांगत होते. बीसीएला असताना ॲप बनवायचं सॉफ्टवेअर, अँड्रॉइड स्टुडिओ, शिकलो, त्यातला इम्युलेटर अजून ठेवलाय. विंडोजच्या पोटात एक अख्खा अँड्रॉइड फोन चालू होतो, त्याचं होमस्क्रीन वेगळं, त्याची मेमरी वेगळी. बायोसमध्ये, म्हणजे कम्प्युटरच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू नसेल तर तो नुसता घासत बसतो. पूर्वी आणखी एक भानगड होती. फोनचा प्रोसेसर एआरएम जातीचा, आपल्या कम्प्युटरचा इंटेलचा, त्यामुळे फक्त फोनसाठी बांधलेली ॲप्स यात इन्स्टॉलच व्हायची नाहीत. २०२० मध्ये अँड्रॉइड ११ आलं, तेव्हापासून इम्युलेटरच एकाची भाषा दुसऱ्याला समजावून सांगतो. माझ्या ८ जीबी रॅमच्या मशीनवर मात्र तो सुरू केला की पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडतो.

काकाजींचं सिम काढून मी खणातल्या बटनाच्या फोनात टाकलं, कोड आला तर दिसावा म्हणून. इम्युलेटर सुरू झाला. ॲप टाकायच्या आधी सवयीने नकाशा उघडला, तर निळा ठिपका थेट अमेरिकेत.

“हे कुठं दाखवून राह्यलं?”

“कॅलिफोर्निया हाय जी काकाजी. गूगलच्या हापिसापाशी.”

या खोट्या फोनात जीपीएसची चिप नसते. आपण ठिकाण सांगितलं नाही तर तो बिचारा गूगलच्या मुख्यालयाच्या गावी, माउंटन व्ह्यूला, उभा राहतो. तिथून वाघाडीच्या काठावरचं काकाजींचं वावर तेरा हजार किलोमीटरच्या वर.

मग कॅमेरा उघडला. पडद्यावर एक नीटनेटकी बैठकीची खोली आली, टीव्हीबिव्ही ठेवलेली. काकाजी खुर्चीवरून अर्धे उठले. “कोनाचं घर व्हय रे हे? कोनी पाह्यलं तं?” ती खोली कोणाचीच नाही, इम्युलेटरने कॅमेऱ्यापुढे मांडलेला तो देखावा आहे, हे त्यांना पटवता पटवता बाकड्यावरचे सगळे आत जमले. सेटिंगमध्ये जाऊन मी मागच्या कॅमेऱ्याच्या जागी वेबकॅम जोडला. आता खोली गेली आणि पऱ्हाटी आली, मागे माझं रिचार्जचं पोस्टर. काकाजी झाड दोन्ही हातांनी धरून, फोटो काढायला बसल्यासारखे ताठ.

आता फक्त ठिकाण बदलायचं होतं. त्यासाठी रकानाच दिलेला असतो. अक्षांश २०.१, रेखांश ७८.३ असं काहीतरी टाकायचं की फोन घाटंजीत. पुढचे आकडे बरोबर लागले की थेट वावरात. मी २० टाइप केलंही. तेवढ्यात मागून एक जण म्हणाला, “मंग आमचं बी असंच करून दे. चिखलात कायले जाच?” हात थांबला. याच फोटोवर सातबाऱ्यावरचा पेरा ठरतो, आणि तलाठी तपासायला आला तर तो काकाजींनाच विचारणार, मला नाही. एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद होते, मग माझा फोन होताच की खिशात.

शटर अर्धं ओढून गाडी काढली. शेवटचा अर्धा किलोमीटर पायी, चपला हातात. काकाजींनी दुकानात ‘सारी पऱ्हाटी’ सांगितली होती. बांधावर उभा राहून पाहिलं तर उताराकडच्या अंगाला सोयाबीन, पिवळं धमक.

“हे नाही सांगतलं?”

“मोझॅक रोगानं खाल्लं. त्याची काय नोंद करतं?”

दोन्ही पिकांची केली. सोयाबीनच्या फोटोच्या वेळी ते चौकटीतून बाजूला सरकले. पऱ्हाटीच्या वेळी परत आत आले.

रात्री दुकान झाडताना ते झाड टेबलाखाली सापडलं, सुकून गेलेलं. उगाच एक हिरवं बोंड फोडलं, तर आत गुलाबी अळी. दुसरं फोडलं, त्यातही. काकाजींना लगेच सांगावं म्हणून नंबर लावला आणि टेबलाच्या खणात माझाच बटनाचा फोन वाजायला लागला.