नव्वद टक्के, पण कशाचे?

मेक्सिकोतल्या टोळीयुद्धावरचा लेख संध्याकाळी सातला माझ्या टेबलावर आला. हेडिंग तयारच होतं : ‘मेक्सिकोतली ९० टक्के शस्त्रं अमेरिकेची’. एप्रिल २००९ मध्ये ओबामा मेक्सिकोत जाऊन हेच बोलले होते, त्यामुळे लेखक निर्धास्त.

मी २००८ चे आकडे कॉपीच्या कडेला उतरवले. मेक्सिकोने पकडलेल्या बंदुका सुमारे ३०,०००. त्यातल्या माग काढायला अमेरिकेच्या एटीएफकडे, म्हणजे बंदुकांचा व्यवहार पाहणाऱ्या सरकारी खात्याकडे, गेल्या ७,२००. माग लागला साधारण ४,००० चा. त्यातल्या अमेरिकेच्या ३,४८०, म्हणजे ८७ टक्के. हे ८७ शेवटच्या पायरीवरचे.

मधल्या बंदुका गळतात कुठे? माग काढायचं काम वेस्ट व्हर्जिनियातल्या केंद्रात चालतं. बनवणाऱ्याचं नाव, मॉडेल, सिरीयल नंबर घेऊन आधी कंपनीला विचारायचं, मग घाऊक विक्रेत्याला, मग दुकानदाराला. दुकानात पहिल्या गिऱ्हाइकाने भरलेला ४४७३ नंबरचा फॉर्म असतो. बंदूकमालकांची मध्यवर्ती नोंदवही करायला १९८६ च्या कायद्याने मनाई, त्यामुळे सगळी फोनाफोनी. नंबर कानशीने घासलेला असला, किंवा टिपणाऱ्याने मॉडेलचाच आकडा नंबर म्हणून लिहिला, की साखळी तिथेच तुटते. आणि ‘अमेरिकेची’ म्हणजे तिथे बनलेलीच असं नाही. रुमानियातली एके-४७ धाटणीची रायफल अमेरिकेत रीतसर आयात झाली असेल, तर तीही याच खात्यात. आयातदाराचं नाव-गाव तिच्यावर ठोकलेलं असतं. तस्करीचा रस्ता शोधायचा तर हे बरोबरच आहे म्हणा.

लेखकाला फोन लावला. ते लगेच दुसऱ्या टोकाला. “मग १२ टक्के करू या? ३,४८० भागिले ३०,०००.”

हा आकडाही फिरत असतो, बंदूक बाळगण्याच्या हक्काची बाजू घेणाऱ्यांचा लाडका. पण उरलेल्यांपैकी सुमारे सव्वीस हजार अमेरिकेच्या नाहीत, असं कुठे ठरलंय? त्यांचा माग लागला नाही, एवढंच. “अहो, न तपासलेल्या पेपरांना नापास धरताय तुम्ही,” मी म्हटलं. ८७ लाही सगळ्या साठ्यावर पसरवता येत नाही, कारण पाठवलेल्या बंदुका काही चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नव्हत्या.

मी हेडिंग दिलं : ‘माग लागलेल्या शस्त्रांपैकी ८७ टक्के अमेरिकेची’. पान लावणाऱ्याचा आवाज आला, “तीन कॉलमात बसत नाही, ‘माग लागलेल्या’ उडवू?”

मी ८७ उडवला. ‘मेक्सिकोतल्या बंदुकांचा माग’ बरोबर बसलं.