हीप वाढवली आणि सर्च झोपलं
आज दिवसभर इलास्टिकसर्चच्या (डेटात शोध घेणारं सॉफ्टवेअर) क्लस्टरशी, म्हणजे एकत्र चालणाऱ्या सर्व्हरशी, झोंबत होतो. ६४ जीबी रॅमचे तीन नोड (सर्व्हर), इंडेक्सिंग, म्हणजे डेटा शोधता येईल असा साठवणं, रखडत चाललेलं, म्हणून काल मीच शहाणपणा करून जेव्हीएमची (जावा प्रोग्राम चालवणारी यंत्रणा) हीप, म्हणजे तिच्या वाट्याची मेमरी, ३० वरून ४८ जीबी केली, म्हटलं मेमरी जास्त दिली की पळेल, तर कसलं काय, सर्च आणखी स्लो आणि गार्बेज कलेक्शनचे (नको असलेली मेमरी मोकळी करण्याचे) पॉज लांबतच चालले.

दुपारी डोक्यात प्रकाश पडला. ल्युसीन (इलास्टिकसर्चच्या आतलं सर्च इंजिन) इंडेक्सच्या फाइल्स वाचायला हीप नाही, ऑपरेटिंग सिस्टिमचा फाइल कॅश (उरलेल्या रॅममध्ये ठेवलेल्या फाइल्स) वापरतं, आणि ती जागा मीच खाऊन बसलो होतो! त्यात हीप साधारण ३२ जीबीच्या पुढे गेली की जावाचे कॉम्प्रेस्ड पॉइंटर (मेमरीतले आखूड पत्ते) बंद होतात, मग एकेक रेफरन्स, म्हणजे पत्ता, ४ ऐवजी ८ बाइट्स घेतो. गपचूप परत ३० वर आणली.

इंडेक्सिंगचं दुखणं वेगळंच निघालं. रिफ्रेश इंटर्व्हल (नवा डेटा किती वेळाने सर्चमध्ये दिसू लागतो ते) १ सेकंदावर, म्हणजे दर सेकंदाला एवढुसे सेगमेंट (इंडेक्सचे तुकडे) तयार होणार आणि मग ते मर्ज करता करता डिस्कचा जीव जाणार. बल्क लोड, म्हणजे एकगठ्ठा डेटा भरणं, संपेपर्यंत तो -१ केला म्हणजे बंदच, रेप्लिका, म्हणजे डेटाच्या जादा प्रती, ० (मूळ डेटा दुसरीकडे सेफ होता म्हणून हं, नाहीतर असला आगाऊपणा केला नसता) आणि गाडी सुटली की राव. संध्याकाळी रेप्लिका परत १, रिफ्रेश ३० सेकंद.

आता ग्राफ शांत आहे, तरी मी दर पाच मिनिटांनी डोकावतोयच.