आधी सांगा, समान काय?

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत स्नेहसंमेलनांच्या आणि सहलींच्या आठवणी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. मला मात्र अंतर, वेग आणि वेळ यांवरील शाब्दिक उदाहरणांविषयी लिहायचे आहे.

पुस्तकातली गाडी ‘अ’ गावाहून ‘ब’ गावाला जाई. आमच्या सरांची गाडी नागपूर स्थानकावरूनच सुटे. उदाहरण वाचून होताच आम्ही ‘क्ष मानू’ असे लिहायला घेतले की ते थांबवत आणि विचारत, “आधी सांगा, समान काय?” एकाच ठिकाणाहून मागेपुढे निघालेल्या दोन सायकलस्वारांपैकी दुसऱ्याने पहिल्याला गाठले, तर दोघांनी कापलेले अंतर समान, दोघे एकाच वेळी समोरासमोर निघून भेटले, तर लागलेला वेळ समान. बरोबरीचे चिन्ह सूत्रातून येत नाही, ते उदाहरणातल्या या समानतेतून येते, असे त्यांचे म्हणणे असे. किमी आणि मीटर यांची सरमिसळ किंवा फलाट ओलांडताना गाडीची लांबी धरणे या बाबी ते झटपट उरकत.

दहावीत वर्गसमीकरणे आली, तेव्हा गाडी इटारसीला निघाली. हा लोहमार्ग जवळजवळ ३०० किमीचा आहे. वेग ताशी १० किमीने वाढवला असता गाडी १ तास लवकर पोहोचते, तर मूळ वेग किती? येथे जुना वेळ म्हणजे नवा वेळ अधिक एक तास, एवढे ओळखले की क्ष² + १०क्ष − ३००० = ० हे समीकरण मिळते आणि त्याच्या उकली ५० व −६० येतात. ‘वेग ऋण नसतो’ असे लिहून आम्ही −६० खोडत असू. सर म्हणत, खोडा, पण वाढलेला वेग ताशी ६० किमी आहे आणि तोच उलट चिन्ह घेऊन येथे बसला आहे, हे पाहून खोडा. मूळ समीकरणात क्षच्या जागी −(क्ष + १०) ठेवले तरी समीकरण बदलत नाही, हे त्यामागचे कारणही त्यांनी फळ्यावर करून दाखवले. परीक्षेत त्याला गुण नव्हते, तरी माझ्या मते त्या वर्षातला सर्वांत मोलाचा तास तोच होता.

सरासरी वेगासाठी मात्र कामठीची सायकल असे. अंतर १५ किमी धरू; जाताना वेग ताशी १५ किमी, येताना वाऱ्यामुळे १०. बहुतेक वर्ग साडेबारा म्हणे. एकूण ३० किमीला अडीच तास लागतात, म्हणून उत्तर १२. कमी वेगाने सायकल जास्त वेळ चालते, त्यामुळे सरासरी त्या बाजूला झुकते. दोन वेगांच्या गुणाकाराच्या दुपटीला त्यांच्या बेरजेने भागण्याचे तयार सूत्र सरांनी फार उशिरा सांगितले, आणि तेही जातायेतानाचे अंतर समान असेल तरच वापरायचे, या अटीवर. सायकलस्वाराने दोन्ही वेगांनी समान वेळ प्रवास केला असता, तर वर्गाचे साडेबाराच बरोबर ठरले असते.