पाण्यात वाळलेली शमी

गिरमिट हातभर खाली गेलं आणि चिखल लागला. वर ओढलं तर ओल्या मातीचा लगदा चिकटून आला, आणि बघता बघता त्या भोकात पाणी साठलं. मी थरच्या वाळवंटात उभी होते. तिथे वर्षाला जेमतेम अडीचशे-तीनशे मिलिमीटर पाऊस पडतो.

राजस्थानातल्या हनुमानगड जिल्ह्यात, रावतसरच्या बाजूला आम्ही मातीचे नमुने घेत होतो. वाळवंटीकरण म्हटलं की माझ्याही डोळ्यांपुढे गावावर चाल करून येणारी वाळूच यायची. इथे वाळूचे टिब्बे होते, पण त्यांच्या मधल्या खोलगट रानांत पाणी तुंबलेलं आणि काठाला पाणकणीस माजलेलं. त्या पाण्यात खेजडीची झाडं उभ्या उभ्या वाळली होती. खेजडी म्हणजे आपली शमी. दुष्काळात मुळं खोल नेऊन हिरवी राहणारी ही झाडं मुळांना हवा न मिळाल्यानं गेली.

रानाचे मालक ताऊजी म्हणाले, "सेम आ गई, बेटी." पाणथळ होऊन बाद झालेल्या जमिनीला तिकडे सेम म्हणतात. पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यापासून निघालेल्या इंदिरा गांधी कालव्याचं काम 1958 साली सुरू झालं. पाणी गावात आलं तो दिवस सांगताना ताऊजींचा चेहरा अजून उजळतो. कालव्याला मी नावं ठेवणार नाही. पिढ्यानपिढ्या पाण्यासाठी वणवण केलेल्या माणसांना त्यानं गहू, कापूस आणि प्यायचं पाणी दिलं. पण या भागात वाळूखाली काही ठिकाणी जिप्समचा कठीण थर आहे. त्यातून पाणी झिरपत नाही. पाटानं रान भिजवत राहिले, निचऱ्याची सोय झाली नाही, आणि भूजल दरवर्षी वर येत गेलं. ते जमिनीजवळ आलं की मातीच्या बारीक पोकळ्यांतून आणखी वर चढतं. ऊन पाणी उडवून नेतं, मीठ मागे राहतं.

ते मीठ बुटाखाली पापडासारखं मोडत होतं. ताऊजींनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली. माझे वडीलही अगदी असंच करायचे. शिरोळ तालुक्यातलं आमचं खालचं रान उसाला पाणी पाजून पाजून क्षारपड झालं, तेव्हा मी शाळेत होते. 1994 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात वाळवंटीकरणाची व्याख्याच अशी आहे: हवामानातले बदल आणि माणसाची करणी यांमुळे कोरड्या प्रदेशातल्या जमिनीचा कस जाणं. त्यात वाळूचं नावही नाही. हे मी कितीदा वाचलं होतं, कळलं त्या दिवशी.

निचऱ्याचे चर, पाण्याची बेतानं पाळी, कालव्याकाठी पाणी ओढून घेणारी निलगिरी, असे उपाय आहेत. निलगिरीनं तिथे काही ठिकाणी पातळी उतरलीही आहे. ताऊजींना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आधी जेवायला चला म्हणाले.

ताटात बाजरीची भाकरी आणि केर-सांगरीची भाजी होती. केर म्हणजे तिकडच्या एका काटेरी झुडपाची फळं, आणि सांगरी म्हणजे खेजडीच्याच शेंगा. मी भाजीचं कौतुक केलं, तर वाढणाऱ्या घरच्या ताई पदरानं हात पुसत म्हणाल्या, "ही विकतची आहे. आपल्या झाडांची चव वेगळी होती."