अकरा मेंढ्या आणि एक ‘वॉज’

सोलापूरच्या नवी पेठेत माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. जोडीला मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतरही करून देते. जन्माचे दाखले, प्रतिज्ञापत्रं, सातबारा असं बरंचसं काम ठरलेल्या साच्यातलं असतं. नाव आणि तारीख बदलली की पान तयार. गेल्या हिवाळ्यात एका पंचनाम्यानं मात्र इंग्रजीचा एक कोपरा मला मुळापासून शिकायला लावला.

नान्नजच्या बाजूचे एक मेंढपाळ मामा कागद घेऊन आले होते. तिथलं अभयारण्य १९७९ साली माळढोकासाठी झालं, पण त्या गवताळ माळावर काळविटं आहेत तसे लांडगेही आहेत. मामांची एकशे दहा मेंढरं रात्री जाळीच्या वाड्यात बसलेली होती. पहाटे पाहिलं तर अकरा मरून पडलेली, बहुतेकांच्या गळ्यावर दातांच्या खुणा. मेंढरांचा विमा उतरवलेला होता. कंपनीचं मुख्य कार्यालय दुसऱ्या राज्यात, त्यामुळे पंचनाम्याचं इंग्रजी भाषांतर जोडायला सांगितलं होतं.

पंचनाम्यातलं वाक्य असं होतं: ‘लांडग्यांच्या टोळीने मेंढ्यांच्या कळपावर हल्ला केला असून त्यात अकरा मेंढ्या मारल्या गेल्या आहेत.’ त्याखाली पुन्हा दोन ठिकाणी नुसतंच ‘सदर टोळीने’ आणि ‘सदर मेंढ्या’.

मी शब्दाला शब्द लावत गेले. टोळी म्हणजे गँग. पहिल्या वाक्यात ‘गँग ऑफ वुल्व्ज’ लिहिलं, खाली दोन्ही ठिकाणी ‘बाय द सेड गँग’. कळपासाठी हर्ड. आणि शेवटी ‘द शीप वॉज किल्ड’. डोक्यात कळप होता, कळप एकवचनी, म्हणून वॉज. तासाभरात पान झालं, शिक्का मारला, पैसे घेतले.

तीन आठवड्यांनी मामा पत्र घेऊन परत आले. कंपनीच्या दोन शंका होत्या. हल्ला टोळीनं केला असेल तर पोलिसांत दिलेल्या फिर्यादीची प्रत कुठे आहे? आणि मजकुरात एक मेंढी मेल्याचं लिहिलंय, तर दावा अकराचा कसा?

“ताई, मेंढरं माझी गेली, आन् चोर कुठनं आले ह्यात?” मामांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे मला जास्तच लागलं. कंपनीच्या माणसानं शवविच्छेदनाचा अहवाल शेजारी ठेवून वाचलं असतं तर त्याला उलगडा झाला असता, हे खरं. पण चूक माझ्या पानावर होती.

त्या संध्याकाळी मी शाळेतल्या माझ्या इंग्रजीच्या सरांकडे गेले. सर पूर्व भागात राहतात. घरात तेलुगू, बाहेर मराठी, शेजाऱ्यांशी कन्नड. सोलापुरात हे नवं नाही. तीन भाषांत रोज वावरणाऱ्या माणसाला चौथी भाषा कुठे अडेल ते बरोबर कळतं, असं मला नेहमी वाटतं. सरांनी पान वाचलं आणि पहिल्यांदा ‘शीप’ या शब्दावर बोट ठेवलं.

“अगं, हा शब्द एक मेंढी असली तरी शीप आणि हजार असल्या तरी शीप. मग वाचणाऱ्याला संख्या कशावरून कळणार? फक्त क्रियापदावरून. तू वॉज लिहिलंस, म्हणजे दहा मेंढ्या जिवंत केल्यास.”

मग त्यांनी वहीत चार वाक्यं लिहायला लावली, मराठीत. लांडग्यानं बोकड मारला. लांडग्यानं मेंढी मारली. लांडग्यानं कोकरू मारलं. लांडग्यांनी मेंढ्या मारल्या. “क्रियापद कोणामागे चाललंय?” सरांनी विचारलं. मेलेल्या जनावरामागे. मारणारा एक असो की दहा, ‘मारली’ला त्याचं काही देणंघेणं नाही. टोळीनं मेंढ्या मारल्या. टोळी एकवचनी, तरी ‘मारल्या’. हा आपला कर्मणी प्रयोग. आठवीत मी तो पाठ केला होता, पण इंग्रजी पॅसिव्हच्या शेजारी ठेवून कधी पाहिला नव्हता. इंग्रजीत फरक इतकाच की ज्याला भोगावं लागलं त्याला वाक्यात पुढे आणून उभं करतात आणि करणाऱ्याला ‘बाय’ लावून मागे धाडतात. क्रियापद पुढच्याचं ऐकतं. ‘बाय’च्या मागे लांडग्यांची टोळी म्हणजे पॅक असो, मधमाश्यांचा थवा म्हणजे स्वार्म असो, त्यातले लांडगे किंवा मधमाश्या कितीही असोत, वॉज की वेअर हे तिथून ठरत नाही.

म्हणजे जे माझ्या कानाला लहानपणापासून येत होतं, तेच मी इंग्रजीत चुकले होते. पंचनाम्यातलं ‘मारल्या गेल्या’ हे व्याकरणाच्या पुस्तकात नवीन कर्मणी म्हणून येतं, इंग्रजी पॅसिव्हच्या वळणानं आलेलं. सरकारी कागदांत ते इतकं मुरलंय की आता कोणाला खटकत नाही.

समूहाच्या नावांवर सरांनी जास्त वेळ घेतला. मराठीतला कळप मोठ्या मनाचा आहे: गुरांचा, हरणांचा, हत्तींचा, मेंढ्यांचा, सगळ्यांचा कळपच. इंग्रजीत गुरं आणि हरणं हर्डमध्ये जातात, मेंढ्या आणि पक्षी फ्लॉकमध्ये, लांडगे आणि शिकारी कुत्री पॅकमध्ये. हल्ला किंवा पाठलाग झाल्याचं वाक्य आलं की ‘बाय’च्या मागे यातलाच एखादा शब्द येऊन बसतो: बाय अ पॅक ऑफ डॉग्ज, बाय अ स्वार्म ऑफ बीज. तो नुसतं ‘पुष्कळ’ एवढंच सांगत नाही, चाल कशी झाली तेही सांगतो. पॅक म्हटलं की मिळून घेरणं आलं, स्वार्म म्हटलं की घोंघावत तुटून पडणं. आणि गँग एकटा उभा राहिला की आधी माणसंच डोळ्यांपुढे येतात. माझ्या पानात पहिल्यांदा सोबत लांडगे होते, पुढे दोनदा नव्हते. कंपनीला तिथेच दरोडेखोर दिसले.

आपणही काही कमी काटेकोर नाही. भाकरींची चवड, नाण्यांची चळत, चाव्यांचा जुडगा, केळ्यांचा घड, द्राक्षांचा घोस. कोणी ‘भाकरींचा थवा’ म्हणालं तर आपण थांबून त्याच्याकडे बघू. इंग्रजीतल्या अशा कितीतरी नावांचं मूळ शिकारीच्या बोलीत आहे; इंग्लंडमध्ये सेंट अल्बन्स इथं १४८६ साली छापलेल्या पुस्तकात त्यांची मोठी यादी आहे. कावळ्यांच्या थव्याला ‘मर्डर’ म्हणायची गंमत तिथलीच. सरांनी बजावलं, असली नावं विम्याच्या कागदात चुकूनही घालू नकोस.

कमिटी, टीम अशा शब्दांना अमेरिकेत बहुधा वॉज लागतं, ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतात. पोलीस आणि कॅटल यांना मात्र कायम वेअर. ‘अ नंबर ऑफ शीप’ला वेअर, ‘द नंबर ऑफ शीप’ला वॉज. हे शेवटचं मी काउंटरच्या काचेखाली लिहून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी पान नव्यानं केलं. ‘अ फ्लॉक ऑफ वन हंड्रेड अँड टेन शीप वॉज अटॅक्ड बाय अ पॅक ऑफ वुल्व्ज. इलेव्हन शीप वेअर किल्ड.’ पहिल्या वाक्यात फ्लॉक पुढे म्हणून वॉज, दुसऱ्यात अकरा मेंढ्या पुढे म्हणून वेअर. जिथे ‘सदर टोळी’ होतं तिथे दर वेळी ‘पॅक ऑफ वुल्व्ज’ पूर्ण लिहिलं. पान लांबलं, लांबू दिलं. पैसे अर्थातच घेतले नाहीत.

कागद पाठवण्याआधी मामांना समोर बसवून एकेक ओळ मराठीत सांगितली. पहिल्या वेळी हे केलं नव्हतं. आता कोणाचाही कागद तसा सांगितल्याशिवाय हातात देत नाही. “अकरा मेंढ्या मारल्या गेल्या,” मी वाचलं.

मामांनी मान हलवली. “गेल्या न्हाई ताई. लांडग्यानं मारल्या म्हणा.”

“इंग्रजीत लांडगा मागं आलाय मामा, पण आहे,” मी म्हणाले आणि त्या शब्दाखाली बोट धरून दाखवलं. त्यांना अक्षर येत नव्हतं, तरी ते त्या शब्दाकडे बराच वेळ बघत होते.

दीड महिन्यानं नऊ मेंढरांचे पैसे त्यांच्या खात्यावर जमा झाले. दोघींच्या कानात बिल्ले नव्हते, म्हणून त्या धरल्या नाहीत.