अटक रजिस्टरातला बायकांचा रकाना

वर्षअखेरची माहिती वर पाठवायची होती. गुन्हानिहाय अटक: पुरुष किती, स्त्रिया किती. मी पोलीस ठाण्यात क्राईम रायटर, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारी, त्यामुळे अटक रजिस्टर घेऊन बसले. घरफोडी, जबरी चोरी, वाहनचोरी. बायकांच्या रकान्यात शून्याखाली शून्य. सासरच्या छळाच्या जुन्या केसेसमध्ये मात्र सासू, नणंद, जाऊ अशी रांगच. २०१२ मध्ये देशभरात ४९८ अ, म्हणजे याच छळाच्या कलमाखाली १,९७,७६२ जणांना अटक झाली, त्यांत ४७,९५१ बायका. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सुप्रीम कोर्टाने हेच आकडे मांडून सरसकट अटक करू नका, असं पोलिसांना बजावलं. मग अटकेऐवजी हजर राहण्याच्या नोटिसा वाढल्या.

तेवढ्यात छाप्याची पार्टी परतली. हातभट्टीचे कॅन उतरवले तसा आंबूस वास खोलीभर पसरला. सोबत एक बाई. गूळ-नवसागर कोण पुरवतो, माल कोण उचलतो, हे अख्ख्या वस्तीला ठाऊक; तो गाडी दिसताच नदीपात्रातून पळाला. चुलीपाशी सापडली ती ही. बाईची झडती बाईनेच घ्यायची, म्हणून मी उठले. कनवटीला सुटे पैसे आणि घडी घातलेली रेशनकार्डाची झेरॉक्स.

"मॅडम, पोरं शाळेतनं यायची झाली," एवढंच ती दोनदा बोलली.

दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ (ई) ला शिक्षा सात वर्षांच्या आत, म्हणजे सरसकट अटक नाही. दिवसही मावळतीला आलेला, आणि सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण आणि लेखी अहवाल देऊन घेतलेली मॅजिस्ट्रेटची पूर्वपरवानगी हवी. साहेबांनी सूचनापत्र, म्हणजे तीच हजर राहण्याची नोटीस, देऊन सोडलं, ते बरंच झालं. पण गुन्हा दाखल, आरोपी स्त्री, आणि माझ्या तक्त्यात ती कुठेच नाही.

बायका गुन्हे करत नाहीत, असं मी मुळीच म्हणणार नाही. एसटी स्टँडवर गर्दीत मंगळसूत्र तोडणाऱ्या बायका मी स्वतः लॉकअपला टाकल्यात. पण या रकान्यावरून कोणी बायकांची गुन्हेगारी वाढली किंवा घटली म्हणालं, की मला राग येतो. कायदा अटक कधी करू देतो आणि छाप्यात हाती कोण लागतं, त्यावर तो आकडा हलतो.

तक्त्याखाली मी शेरा लिहिला: सूचनापत्र दिलेल्या स्त्री आरोपींची संख्या सोबत जोडली आहे. वरून फोन आला, नमुन्यात तसा रकाना नाही. मी म्हटलं, माहीत आहे साहेब, म्हणूनच वेगळा कागद लावलाय.